जुने, गंजलेले, नग एक

प्रति,
गृह खाते, पुरातत्त्व खाते, पुराभिलेख खाते आणि राज्य संग्रहालय,
गोवा शासन, पणजी.

विषय: पोलिसांच्या मालखान्यात जमा असलेली जुनी हत्यारे मोडीत काढण्यापूर्वी त्यांची नीट नोंद घेण्याबाबत.

महोदय,

चौघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे, त्याबद्दल क्षमस्व. चार वेगळी पत्रे लिहिली असती तर प्रत्येक टेबलावरून ‘हा विषय आमचा नव्हे’ एवढेच उत्तर आले असते, आणि खरे सांगायचे तर ते चूकही ठरले नसते. हा विषय कोणा एकाचा नाहीच.

माझ्यासमोर एक पोच आहे. तिच्यावर लिहिले आहे, ‘रिव्हॉल्वर, जुने, गंजलेले, नग एक.’ खाली शिक्का, तारीख, सही. बाबा वारल्यावर त्यांच्या परवान्यावरचे हे हत्यार मी पोलीस ठाण्यात जमा केले, त्याची ही पोच. ठाण्याचे नाव लिहीत नाही, कारण तिथल्या माणसांविरुद्ध माझी तक्रार नाही. त्यांनी खुर्ची दिली, चहाही विचारला. छापील नमुन्यात वर्णनासाठी एक ओळ होती, ती त्यांनी भरली. मात्र ‘गंजलेले’ हा शब्द मला आजही खटकतो. तो गंज नव्हता. पोलादावरचा निळा मुलामा उडाला, वर्षानुवर्षे हाताचे तेल लागले, की अशी काळपट तपकिरी झाक चढते. आमच्या आजीच्या विळीच्या पात्यालाही ती होती. विळीला कोणी गंजकी म्हटले असते तर आजीने त्याला जेवायला वाढले नसते.

मी आयटीआयमध्ये फिटर-टर्नरच्या मुलांना शिकवत असे. आता निवृत्त आहे. सत्तरी तालुक्यात राहतो. हत्यारांचा शौक मला नाही, धातूचा आहे. म्हणून जमा करण्यापूर्वी मी दोन दिवस माडीवर बसून त्या रिव्हॉल्वरची मापे घेतली, भिंगाखाली प्रत्येक खूण पाहिली, फोटो काढले, कागदावर चित्रे काढली. पुढचे सगळे त्या दोन दिवसांच्या जोरावर लिहितो आहे. ते दोन दिवस मिळाले नसते तर माझ्या घराण्याच्या हाती ‘नग एक’ एवढेच उरले असते.

आमच्या घरात या वस्तूची एकच कथा होती. दीपाजी राण्यांच्या बंडात आमच्या पणजोबांनी नाणूसच्या किल्ल्याजवळच्या रानात एका पाखल्याच्या हातून हे पिस्तूल हिसकावले. (गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: पाखलो म्हणजे पोर्तुगीज गोरा.) चतुर्थीला सगळे जमले, की जेवणानंतर ही गोष्ट व्हायचीच. कधी पणजोबा झाडावर असत, कधी म्हादईच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले असत. पाखला मात्र नेहमी घोड्यावर असे. सत्तरीच्या त्या चढणीवर घोडा धावतोच कसा, हा प्रश्न मला पडायला मी चाळिशीत यावे लागले.

सत्तरीत घरोघरी अशी एखादी गोष्ट निघेल. दीपाजी राणे १८५२ साली उठले आणि १८५५ पर्यंत पोर्तुगीज सरकारला त्यांच्याशी झुंजावे लागले. मग कुष्टोबा, १८६९ पासून १८७१ पर्यंत. १८९५ साली दादा राणे. राण्यांची बंडे हा इथल्या घरांचा पिढीजात ऐवज आहे, आणि ऐवजाच्या शेजारी एखादे हत्यार लागतेच. कोणाकडे ठासणीची बंदूक, कोणाकडे नुसतीच तलवारीची मूठ. आमच्याकडे हे होते.

आता हत्याराकडे येतो, कारण खरी साक्ष त्याची आहे.

सहा बारी रिव्हॉल्वर. नळी बाहेरून अष्टकोनी. आतला व्यास नऊ मिलिमीटरहून किंचित जास्त. चौकटीवर लॅटिन अक्षरांत ‘अबादी’ हे नाव आणि पेटंट घेतल्याचा फ्रेंच शब्द. उजव्या बाजूला काडतूस घालायचा छोटा दरवाजा. पोर्तुगालने १८७८ साली आपल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी ९.१ मिलिमीटरचे अबादी रिव्हॉल्वर स्वीकारले, आणि १८८६ साली शिपायांसाठी त्याचाच लांब नळीचा प्रकार. दोन्ही बेल्जियममधल्या लिएज शहरात घडली. आमचे आखूड नळीचे, म्हणजे अधिकाऱ्याच्या कमरेचे.

इथेच दीपाजींची गोष्ट कोसळली. जे हत्यार १८७८ च्या आधी नव्हतेच, ते १८५२ सालच्या बंडात कोण कोणाच्या हातून हिसकावणार? आणि आमचे पणजोबा तेव्हा जन्मलेलेही नव्हते. हे कोणीतरी बोटांवर मोजून आधीच सांगायला हरकत नव्हती, पण घरातल्या गोष्टीचा हिशेब कोण करतो!

अबादीचे नाव टिकले ते त्या दरवाजामुळे. माझ्यातला शिक्षक इथे थोडा रेंगाळेल, त्याला इलाज नाही. त्या काळच्या रिव्हॉल्वरमध्ये काडतुसे एकेक करून घालावी लागत. बहुतेकांत घोडा (काडतुसावर आपटतो तो) अर्धवट चढवून ठेवायचा, दुसऱ्या हाताने चक्र फिरवायचे, एक घर समोर आले की काडतूस सरकवायचे, पुन्हा फिरवायचे. अंधारात, घाईत, घामेजल्या हाताने. अर्धवट चढलेला घोडा निसटला, की भरणाऱ्याचीच बोटे जायची. अबादीच्या युक्तीत दरवाजा उघडला, की चापाचा घोड्याशी संबंध तुटतो. आता चाप कितीही ओढा, घोडा जागचा हलत नाही, फक्त चक्र बरोबर एक घर पुढे सरकते. ओढा, भरा, ओढा, भरा. दरवाजा मिटला, की चाप आणि घोडा पुन्हा जोडलेले. एक बिजागरी, एक छोटा कॅम, बस्स. स्वित्झर्लंडने १८८२ च्या आणि फ्रान्सने १८९२ च्या आपल्या लष्करी रिव्हॉल्वरमध्ये हीच कल्पना घेतली.

मी वर्गात फळ्यावर ही जोडणी काढत असे. कशाची आहे हे सांगत नसे. ‘एकाच दांड्याने दोन कामे, आणि एक काम सुरू असताना दुसरे आपोआप बंद. कसे कराल?’ असा प्रश्न टाकायचो. दरवर्षी एखादा मुलगा उत्तराच्या अगदी जवळ यायचा. त्याला ते पिस्तूल दाखवावे असे फार वाटायचे, पण तेवढी अक्कल मला होती.

लिएज शहराबद्दलही दोन शब्द. तिथे हत्याराची नळी तपासणारे सरकारी घर १६७२ साली सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा. नळी टिकली तर तिच्यावर शिक्का. हत्यारे बनत ती एका छपराखाली नव्हेत. कोणी आपल्या घरी नळी करी, कोणी घोडा-चाप, कोणी मूठ, कोणी नुसते नक्षीकाम. व्यापारी सगळे गोळा करून जुळवून घेत असे. आपल्याकडे लग्नाचे फराळ वाड्यावाड्यांत वाटून करतात, तसेच. त्यामुळे लिएजच्या हत्यारावर सगळ्यांत महत्त्वाच्या खुणा कारखानदाराच्या नसतात, तपासणी घराच्या असतात.

आमच्या रिव्हॉल्वरच्या चक्रावर लंबगोलात ‘ई-एल-जी’ ही अक्षरे आहेत. लिएजच्या तपासणीचा तो शिक्का. १८९३ पासून त्या लंबगोलावर मुकुट आला. आमच्यावर मुकुट नाही, म्हणजे हत्यार त्याआधीचे. शेजारी तपासनीसाचे एक अक्षर आहे. त्या अक्षराच्या डोक्यावर १८७७ पर्यंत मुकुट मारत, नंतर तारा. आमच्यावर तारा आहे. म्हणजे १८७७ नंतरचे. दोन शिक्क्यांनी मिळून पंधरा-सोळा वर्षांची खिडकी उघडून दिली, आणि १८७८ हे साल त्या खिडकीत नीट बसते. हे सगळे चिमणीच्या नखाएवढ्या खुणांत लिहिलेले असते. त्यांच्यावरून एकदा सॅंडपेपर फिरला, की संपले.

जाता जाता एक गोष्ट मनात येते ती लिहूनच टाकतो. लिएजहून हत्यारे आणणाऱ्या याच पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने १५१३ साली आपल्या राजाला गोव्यातल्या बंदुका घडवणाऱ्यांची तारीफ लिहून कळवली होती, की यांचे काम बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे आहे. पुढे १५४३ साली जपानात पोर्तुगीजांबरोबर पहिली बंदूक पोचली, तिची घडण गोवा-मलाक्केच्या बाजूची होती असे जाणकार मानतात. जपानला बंदूक देणाऱ्या गावाने साडेतीनशे वर्षांनी बेल्जियमकडून पिस्तुले मागवावीत! यावर कोणीतरी कधीतरी एक दालन मांडायला हवे. असो, आज माझी मागणी दालनाची नाही.

दीपाजी गेले, पण दादा राणे उरले होते. माझी आशा तिथे लागली. १८९५ च्या सप्टेंबरात गोव्याच्या पलटणीतल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला. त्यांनी नकार दिला, हत्यारांसह सत्तरीची वाट धरली, नाणूसला ठाण मांडले. दादा राणे आणि त्यांची माणसे त्यांना मिळाली. बंड मोडायला लिस्बनहून राजाचा सख्खा भाऊ, दों आफोंसो, फौज घेऊन आला. १८७१ साली असाच एक राजबंधू, दों आवगुश्त, शिपायांच्या बंडावर आला होता आणि त्या वेळी गोव्याचे जुने सैन्यच बरखास्त झाले होते. चोवीस वर्षांत दोन राजबंधू. एवढ्याशा मुलखासाठी लिस्बनला बराच खर्च आला म्हणायचा. दादा राण्यांना शेवटी तिमोरला धाडले.

म्हणजे १८९५-९६ साली सत्तरीत पोर्तुगीज अधिकारी होते, त्यांच्या कमरेला अबादी असणे अगदी साहजिक, आणि पणजोबा तिशीतले. मी मनातल्या मनात गोष्ट दुरुस्त करून घेतली. दीपाजींच्या जागी दादा राणे. बाकी घोडा, नदी, झाड तेच.

मग पेटारा उघडला.

पणजोबांचे वाळपईत दुकान होते. तांदूळ, मीठ, कापड, आणि मागच्या दाराने थोडी देवघेव. त्यांच्या खतावण्या मोडी लिपीत आहेत, आणि मोडी मला येत नाही. एका निवृत्त मास्तरांनी चार रविवार येऊन त्या मला वाचून दाखवल्या. तिसऱ्या रविवारी शके १८१८ च्या श्रावणातली ओळ आली. इंग्रजी हिशेबाने १८९६ चा पावसाळा. ओळ अशी: ‘आल्फेरीस पाखला याजकडून पिस्तूल १ गहाण. रुपये १४. व्याज रिवाजाप्रमाणे.’ पुढे सोडवल्याची नोंद नाही. आल्फेरीस म्हणजे पलटणीतला सगळ्यांत खालच्या पायरीवरचा अधिकारी. मास्तर थांबले, चष्मा काढला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘रुपयाला सोळा टांगे होते तेव्हा. चौदा रुपये म्हणजे बरीच रक्कम झाली.’ भला माणूस. विषय बदलायला त्यांनी चलन काढले.

म्हणजे झाड नाही, नदी नाही, हिसकावणे नाही. पावसाळ्यात सत्तरीच्या चिखलात अडकलेला, पैशांची चणचण असलेला एक गोरा पोर, आणि गल्ल्यावर बसलेले आमचे पणजोबा. तो बहुधा पत्त्यांत हरला असावा, किंवा दारूची उधारी झाली असावी. हा माझा तर्क. पिस्तूल सरकारी असते तर ते गहाण टाकायची हिंमत झाली नसती, म्हणून ते त्याने स्वतःच्या पैशांनी घेतलेले असावे, हाही तर्कच. त्याची बदली झाली, बोट सुटली, पिस्तूल आमच्याकडे राहिले.

मी हे आत्याला सांगितले. ती नव्वदीच्या घरात आहे. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘म्हज्या आज्याक तुवें सावकार केलो मरे!’ आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी तिने स्वतःहून फोन करून आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला ठाऊक नव्हती. मुक्तिलढ्याच्या काळात, ५४-५५ साली, गावात घरझडत्या सुरू झाल्या तेव्हा तिच्या आईने हे पिस्तूल भाताच्या कणगीत तळाशी पुरले होते. झडतीला आलेल्या शिपायाने कणगीत हातभर काठी खुपसली, ती पिस्तुलाच्या वीतभर वर थांबली. आत्या तेव्हा चुलीपाशी उभी होती, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले. घराण्याची शौर्यकथा शेवटी निघाली ती पणजोबांची नव्हे, आजीची. आणि ती आम्ही इतकी वर्षे चतुर्थीला सांगितलीच नव्हती.

गोवा मुक्त झाल्यावर आजोबांनी रीतसर परवाना घेतला. पुढे तो बाबांच्या नावावर आला. त्या परवान्यावर शेताच्या राखणीची बारा बोअरची बंदूक आणि हे, अशा दोन नोंदी. बंदूक आता माझ्या भावाच्या नावावर आहे. त्याच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) रानडुकरे उच्छाद मांडतात, त्याला ती लागते. रिव्हॉल्वर कोणालाच नको होते. घरात नातवंडे आहेत.

आता माझी खरी अडचण. निवडणूक जाहीर झाली, की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची. बाबांनी हे आयुष्यभर केले. प्रत्येक वेळची पोच त्यांनी एका बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली. त्या मी एकापुढे एक मांडल्या. एकीत हत्याराचे नाव ‘पिस्तूल’, दुसरीत ‘रिव्हॉल्वर’, एकीत ‘सहा बारी बंदूक लहान’. अनुक्रमांकातला एक आकडा कधी तीन, कधी आठ. आणि एका पोचेत, महोदय, चक्क ‘देशी कट्टा’. लिएजच्या तपासनीसाने तारा मारताना एवढी काळजी घेतली नसती तरी चालले असते, असे तेव्हा वाटले. तीच वस्तू, तोच माणूस, तीच कापडी पिशवी. आणि कागदावर पाच वेगवेगळी हत्यारे.

हे हसण्यावारी नेता आले असते. पण कायद्याने आता याच कागदाला महत्त्व आहे. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम २१ प्रमाणे जमा केलेले हत्यार ठरल्या मुदतीत परत नेले नाही किंवा त्याची रीतसर विल्हेवाट लावली नाही, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने ते सरकारजमा होते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारांची मर्यादा आली, आणि वारशाने आलेलेही त्या दोनांतच धरायचे. म्हणजे वारशाची हत्यारे ठाण्यांत येऊन पडणार, हे उघड आहे. सरकारजमा झालेल्या हत्याराचे पुढे काय करायचे, हे ठरवणाऱ्याच्या हातात काय असेल? यादी. आणि यादीत काय असेल? ‘जुने, गंजलेले, नग एक.’ अशा ओळीवरून कोणीही शहाणा माणूस भट्टीचाच शेरा मारील. मीसुद्धा मारला असता.

कोणी म्हणेल, पुरातन हत्याराला कायद्यात सूट आहे. आहे, कलम ४५ मध्ये. पण ते हत्यार दुरुस्ती करूनही चालणार नाही अशा अवस्थेत असले तरच. आमची अबादी चालते. तिची स्प्रिंग ठणठणीत आहे. तिला सूट मिळवून द्यायची तर नळीत भोक पाडावे लागेल, चक्र झाळावे लागेल, म्हणजे ज्यासाठी ती जपायची तेच मारावे लागेल. मापाची काडतुसे बाजारात नाहीत, ही गोष्ट इथे मोजली जात नाही. ब्रिटनच्या १९६८ च्या कायद्यात केवळ शोभेची वा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवलेल्या पुरातन हत्याराला वेगळे कलम आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १८९८ पर्यंत घडलेले हत्यार सहसा ‘फायरआर्म’ मानलेच जात नाही. मी तशी ढील मागत नाही. उलट, आपल्याकडे घराघरांत चालू पिस्तुले नकोत, हेच माझे मत आहे. कडक कायदा असू द्या. पण कडक कायद्यामुळे वस्तू एका खोलीत गोळा होतातच, तर त्या खोलीत एकदा जाणत्या माणसाला दिवा घेऊन जाऊ द्या, एवढेच.

माझी विनंती सांगतो. शंभर वर्षांपूर्वीचे असावे असे वाटणारे कोणतेही हत्यार मोडीत काढण्यापूर्वी, ते खुणा वाचता येणाऱ्या एका माणसाला दाखवावे. त्याने अनुक्रमांक, शिक्के, मापे लिहावीत, फोटो काढावेत. आणि जमा करणाऱ्या घराला विचारावे, की तुमच्याकडे याची काय गोष्ट सांगतात. ती गोष्ट खोटी असली तरी लिहून घ्यावी, ‘घरातील सांगणे’ असा मथळा देऊन. आमच्या घरची खोटी गोष्ट मला शिक्क्यांपर्यंत घेऊन गेली आणि तिथून खतावणीपर्यंत. गोष्टच नसती तर मी भिंग हातात घेतलेच नसते. ही टिपणे पुराभिलेख खात्यात जावीत. त्यातून जे संग्रहालयाच्या लायकीचे असेल ते तिकडे जावे, बाकीचे खुशाल वितळवा. सगळेच जपा असे मी म्हणणार नाही. ठाण्यातल्या दहा हत्यारांतली आठ भंगारच असतील, हे मी कारखान्यातला माणूस म्हणून सांगू शकतो.

पुराभिलेख खात्याला वेगळी विनंती. १५९५ साली दियोगु द कोतुच्या हाताखाली सुरू झालेले तुमचे दफ्तर आहे, तिथे कागद नाही असे होत नाही. १८३७ पासूनचे सरकारी ‘बोलेतीं’ (राजपत्र) पाहिले, की कोणता अधिकारी कधी कुठे नेमला गेला हे निघते. १८९६ च्या पावसाळ्यात वाळपईच्या ठाण्यात कोण कोण आल्फेरीस होते, हे कोणी मला काढून दिले, तर त्या चौदा रुपयांना नाव मिळेल. पोर्तुगीज मला दुकानदाराच्या पाटीएवढीच येते, नाहीतर मीच येऊन बसलो असतो.

संग्रहालयाला आमची अबादी घ्यावीशी वाटली, तर आमच्या भावंडांची हरकत नाही. मुदत आहे तोवर रीतसर हस्तांतर करता येईल. सोबत खतावणीचे ते पानही देऊ. अट एकच. वस्तूखालच्या चिठ्ठीवर ‘राण्यांच्या बंडातील पिस्तूल’ असे लिहू नये. मला माहीत आहे, तसे लिहिले तर लोक थांबून पाहतील. पण गोव्याबाहेरच्या एका संग्रहालयात मी अशा चिठ्ठ्या पाहिल्या आहेत. ‘अमुक वीराची बंदूक’, आणि बंदुकीवरचा शिक्का त्या वीराच्या मृत्यूनंतरचा. काचेवर नाक लावून तो शिक्का वाचणारा एखादा आगाऊ पोरगा असतोच. लिहायचे तर असे लिहा: लिएज येथे १८७८ नंतर आणि १८९३ पूर्वी घडलेले, वाळपईत १८९६ साली चौदा रुपयांना गहाण पडलेले, आणि ५४-५५ साली एका बाईने कणगीत लपवलेले. आत्याने आजीचे नाव घालायला सांगितले आहे. ते मी समक्ष देईन.

माणूस कुठून आणायचा हा प्रश्न येईल. मी येतो. मोबदला नको. भिंग, व्हर्नियर, टॉर्च माझा. पोलिसाला शेजारी उभे करा, हत्याराला मी हात लावू नये असे वाटत असेल तर त्याने धरावे, मी बघून लिहीन. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा, जिथे बोलवाल तिथे. गुडघे दुखतात, त्यामुळे मालखाना वरच्या मजल्यावर असेल तर थोडा वेळ द्या.

आपला,
एक निवृत्त आयटीआय निदेशक,
सत्तरी, गोवा

ता. क.: मुठीच्या डाव्या फळीतला स्क्रू मूळचा नाही. जुना झिजला होता, म्हणून नोकरीत असताना संस्थेच्या लेथवर मी नवा कातून बसवला. आटे जुळले, पण डोक्याची खाच मूळच्यापेक्षा थोडी रुंद झाली. नोंदीत तसे लिहावे.